जुने घर घ्यावे की नुसती जागा समजावी : खानदेशातील खरेदीदारासाठी

जुने घर दुरुस्त करून राहण्याच्या हेतूने पाहायला जाताना त्या घराच्या भिंतींची किंमत मनातल्या मनात शून्य धरावी. विकणारा सागवानी खांब दाखवील, हातभर रुंदीच्या भिंतीवर थाप मारील, आजोबांनी बांधल्यापासून घर तसूभरही हलले नाही असे सांगेल. ते सगळे आदराने ऐकून घ्यावे, पण खालची जागा केवढ्याची आणि ती निर्वेधपणे आपल्या नावावर होते का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. घराचा विचार त्यानंतर करावा. हा क्रम उलटला की ओसरीच्या प्रेमात पडलेला माणूस वारसांची यादी वाचत नाही, आणि पुढची दहा वर्षे कोर्टाच्या तारखा मोजतो.

पुढील मजकूर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण इथली माती, इथले ऊन आणि इथली भाऊबंदकी यांचा हिशेब पुण्या-मुंबईच्या फ्लॅटखरेदीच्या सल्ल्यांत सापडत नाही.

काळी आणि पांढरी

घराचे वय विचारण्याआधी ते कोणत्या मातीवर उभे आहे ते विचारावे. आपल्या पूर्वजांनी गाव पांढरीवर वसवले आणि काळी पिकासाठी राखली. अमळनेर, चोपडा, एरंडोल, पारोळा अशा गावांच्या जुन्या पेठा गावठाणात आहेत. त्यानंतरच्या वसाहती मात्र बहुतेक ठिकाणी शेतजमीन बिनशेती करून पाडलेल्या भूखंडांवर, म्हणजे काळीवर, उभ्या राहिल्या. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या ज्या भेगा पडतात, तीच हालचाल घराच्या पायाखालीही चालू असते, आणि पाया मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत नेलेला नसेल तर ती भिंतींवर उमटते. त्यामुळे शंभर वर्षांचा वाडा धडधाकट आणि तीस वर्षांचा बंगला तडकलेला, असे दृश्य आपल्याकडे सहज दिसते.

सगळे तडे सारखे नसतात. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले बारीक तडे केवळ गिलाव्याचे असतात. त्यांना घाबरू नये. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढणारा आणि एका टोकाला रुंद होत गेलेला तडा मात्र पाया खचल्याची किंवा उचलला गेल्याची खूण आहे. अशा तड्यावर घरमालकाच्या परवानगीने काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काही महिन्यांत काच तडकली तर हालचाल अजून चालू आहे. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर निदान नव्या रंगाखाली किंवा ताज्या पुट्टीखाली काय दडले आहे ते पाहावे. विक्रीच्या तोंडावर एकाच भिंतीला लावलेला रंग हा संशयाला पुरेसा आधार आहे. न्हाणीचे किंवा संडासाचे पाणी वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात मुरत असेल, किंवा भिंतीला लागून मोठे झाड असेल, तर तेवढाच कोपरा वेगळा वागतो. हा दोष त्यातल्या त्यात सोपा, कारण पाणी वळवून आणि घराभोवती तीन-चार फूट रुंदीचा उतरता कोबा करून हालचाल बरीच कमी करता येते. पण पायाच मुळात उथळ असेल तर उभ्या घराखाली तो मजबूत करण्याचा खर्च घराच्या किमतीशी जवळजवळ कधीच जुळत नाही. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने बुडाशी फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले, पण ते नव्या बांधकामाला सोयीचे पडतात. काळीवरचे तडकलेले घर घ्यायचेच असेल तर पाडायचे ठरवूनच घ्यावे.

पांढरीचे स्वतःचे धोके आहेत. गावठाणातील जुन्या घरांच्या पोटात धान्याची पेवे आणि बुजवलेले आड असतात, आणि ते नीट बुजवले होते की वर फळ्या टाकून फरशी केली होती हे कोणीच सांगू शकत नाही. जमिनीवर जड पहार किंवा मुसळ आपटत खोलीभर फिरावे. पोकळ आवाज आला त्या जागी खणून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. शेजारच्या घरातील वृद्ध बाईंना विचारले तर बहुधा पेवाची जागा बोट ठेवून कळते.

दोनदा पाहावे

घर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात पाहावे, हा नियम मी पैसे मोजून शिकलो. पारोळ्याच्या बाजूचे एक घर आम्ही फेब्रुवारीत पाहिले. कोरडे ठणठणीत, उंच ओटा, स्वच्छ गल्ली. विसार दिला, आणि श्रावणात किल्ली घ्यायला गेलो तर गल्लीतले पाणी उंबरठा ओलांडून चौकात आले होते. गल्ली दर काही वर्षांनी जुन्या काँक्रीटवर नवे काँक्रीट टाकून वर चढत गेली होती, आणि घराचे जोते होते तिथेच राहिले होते. रस्ता जोत्याच्या वर गेलेले घर दुरुस्त होत नाही. आतली सगळी जमीन भरून वर घ्यावी लागते, मग दारे ठेंगणी होतात, मग छत उचलावे लागते, आणि ‘दुरुस्ती’ हा शब्दच उरत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच दोरी आणि पाण्याची नळी घेऊन रस्त्याच्या मध्याची आणि आतल्या जमिनीची पातळी मोजावी. गवंडी हे काम दहा मिनिटांत करून देतो.

नदीकाठच्या घरांसाठी एवढ्यावर भागत नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात शिरले, तेव्हा वर्षानुवर्षे पूर न पाहिलेल्या घरांतही चिखल साचला. धुळ्यात पांझरेच्या काठी किंवा तापी, गिरणा, वाघूर यांच्या जवळ घर पाहत असाल तर ते जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या कोणत्या बाजूला येते ते नगररचना कार्यालयात पाहावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही, म्हणजे उद्या घर पाडले तर हातात फक्त मोकळी जागा राहण्याचा धोका आहे.

धाबे आणि सागवान

धाब्याचे घर मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच त्याविषयी सावध लिहितो. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर लाकडी चिपांचा किंवा फळ्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड लेप, असे हे छत असते. खालच्या हातभर रुंद मातीच्या भिंती आणि हे छत मिळून मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांतही दुपार सुसह्य करतात. सिमेंटचा स्लॅब हेच ऊन दिवसभर साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. पण धाबे दरवर्षी सेवा मागते. मृगाच्या आधी वर माती टाकणे, गवत उपटणे, उतार नीट करणे आणि पन्हाळ मोकळी करणे ही कामे एखादे वर्ष चुकली तर गळती लागते, आणि चार-पाच वर्षे चुकली तर लाकूड कुजते. म्हणून धाब्याच्या घराबद्दल ते किती वर्षांपूर्वी बांधले हे विचारण्यापेक्षा ते किती वर्षे बंद आहे हे विचारावे. शंभर वर्षे वापरातले घर दहा वर्षे कुलूपबंद राहिलेल्या चाळीस वर्षांच्या घरापेक्षा बहुधा चांगले निघते.

लाकूड तपासताना मधला भाग पाहून समाधान मानू नये. तुळई कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी, जिथे ओल पोहोचते आणि डोळा पोहोचत नाही. भिंतीलगत हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. भरीव लाकूड खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. शंका आली तर पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते लोण्यात शिरल्यासारखे आत गेले तर ती तुळई बदलण्याच्या यादीत टाकावी. सागाचा गाभा उधईला बराच दाद देत नाही, पण सालीजवळचा फिकट भाग आणि मागाहून घातलेल्या बाभळीच्या किंवा निंबाच्या कड्या तिला चालतात. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधई चालू आहे. एकूण तुळयांपैकी दोन-तीनच बदलायच्या असतील तर घर वाचवण्यासारखे आहे. निम्म्या बदलायच्या असतील तर तुम्ही घर नव्हे, जुने लाकूड विकत घेत आहात, आणि त्याचा भाव जुने लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून वेगळा काढून घ्यावा.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान सिमेंट करते. मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो, ती वर चढते, लोणा फुटतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडतो. घर आधीच असे सिमेंटने लिंपलेले असेल तर तो गिलावा उतरवून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करण्याचा खर्च अंदाजात धरावा. असे काम जाणणारे कारागीर कमी उरले आहेत. गावात तसा एखादा गवंडी आहे का, हे घर घेण्याआधी शोधावे, नंतर नव्हे.

आणखी एक साधी गोष्ट. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की एक टन वजनाची होते. हे वजन धाब्यावर किंवा जुन्या भिंतीच्या टोकावर ठेवू नये. आपल्या अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे साठा मोठा लागतो. तेव्हा चौकात जमिनीखाली हौद आणि वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर छोटी टाकी करायला जागा आहे का ते पाहावे.

स्लॅबची घरे

वसाहतींमधील विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेली घरे पाहताना मान वर करून चालावे. छताच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तांबूस डाग, फुगवटे किंवा सुटलेले काँक्रीट दिसले तर आतली सळई गंजते आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो, म्हणून वरून पुट्टी भरल्याने काही साधत नाही. चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर स्प्रिंगने ठोका देणाऱ्या रिबाउंड हॅमरने आणि ध्वनिलहरींच्या चाचणीने काँक्रीटची स्थिती तपासतो. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण टाकून तो क्षार किती खोलवर उरला आहे तेही पाहतो; गुलाबी रंग आला तिथे सळईचे संरक्षण अजून शाबूत आहे, रंग आला नाही तिथे ते संपले आहे. या तपासणीची फी खरेदीच्या रकमेपुढे किरकोळ असते, आणि ती वाचवणारा माणूस मला आजवर उमगलेला नाही. इंजिनिअर मात्र आपण स्वतः निवडावा; दलालाने सुचवलेला नको.

अशा घरांत आणखी एक प्रकार आढळतो. तळमजल्यापुरत्या पायावर वीस वर्षांनी दुसरा मजला चढवलेला असतो, परवानगी तळमजल्याचीच असते, आणि किंमत दोन्ही मजल्यांची सांगितली जाते. नगरपालिकेकडील मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागून वरचा मजला त्यात नसेल तर त्याची किंमत देऊ नये.

वीज आणि सांडपाणी यांवर फार लिहिण्याची गरज नाही. जुनी वायरिंग सरसकट बदलावीच लागते, अर्थिंग नव्याने करावे लागते, आणि कूलर-एसीच्या भाराप्रमाणे मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही, एवढे लक्षात ठेवून सांडपाण्याची वाट आधी शोधावी.

कागद

इथे घाई करणारा माणूस सर्वांत जास्त गमावतो, म्हणून थोडे सविस्तर.

गावठाणातील घराचा आधार कोणता, हे पहिले पाहावे. नगर भूमापन झालेल्या गावात मालमत्ता पत्रक असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारण्याचा उतारा आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे, आणि केवळ त्याच्या आधारे कर्ज द्यायला बँका नाखूश असतात. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जाऊ लागली आहेत. आपल्या गावात ते काम झाले असेल तर पत्रकातील क्षेत्र आणि प्रत्यक्ष चतुःसीमा टेप लावून जुळवाव्यात. पिढ्यानपिढ्या सरकत आलेल्या भिंतींमुळे फरक निघतोच.

दुसरी गोष्ट वारसांची. जुने घर आजोबांच्या नावावर असते आणि विकायला आलेला असतो नातू. अशा वेळी वारसांची पूर्ण वंशावळ काढून घ्यावी, आणि तीत लग्न होऊन गेलेल्या मुली प्रथम मोजाव्यात. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटण्यांना मात्र या दुरुस्तीने बाधा येत नाही. ‘बहिणींनी कधीच सोडून दिले आहे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. सोडल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा, एवढेच नम्रपणे म्हणावे. ते नसेल तर सर्व बहिणींना खरेदीखतावर सह्यांसाठी बोलवावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहुतेक जणी माहेरी येतात, त्या वेळी हे काम एका बैठकीत होते. एकाच भावाचा हिस्सा विकत घेण्याच्या फंदात पडू नये. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात तिऱ्हाईत खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही, आणि वारसांनी हिस्सा विकायला काढल्यास इतर जवळच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. म्हणजे पैसे देऊन आपण फक्त वाटपाचा दावा विकत घेतो.

तिसरी गोष्ट नंदुरबार जिल्ह्यात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत विशेष महत्त्वाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६ व ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. घराखालील भूखंडाचा मूळ खातेदार कोण होता, हे जुने फेरफार काढून पाहावे. आज त्यावर बंगला आहे म्हणून प्रश्न संपत नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन, असा शेरा असेल तरी परवानगीशिवाय पुढे जाऊ नये.

भाडेकरू असेल तर घर रिकामे झाल्यावरच व्यवहार करावा. जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे संरक्षण आहे, आणि ‘तुम्ही घ्या, मग मी त्यांना काढून देतो’ हे आश्वासन कागदावर येत नाही.

सामाईक भिंतींकडेही कागदाइतकेच लक्ष द्यावे. जुन्या पेठांत दोन घरांमध्ये एकच भिंत असते, आणि आपले घर उतरवताना शेजाऱ्याच्या कड्या उघड्या पडतात. त्याच्या पन्हाळीचे पाणी आपल्या चौकात पडत असेल, किंवा त्याची खिडकी आपल्या मोकळ्या जागेत उघडत असेल, तर वीस वर्षे अखंड चाललेल्या अशा वहिवाटीला सुविधाधिकाराचे रूप येऊ शकते. खरेदीआधी शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा घ्यावा. भिंतीचा प्रश्न तिथे पाच मिनिटांत कळतो आणि माणूस कसा आहे तेही कळते.

याखेरीज वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी, पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा नाही याची खात्री करून घ्यावी, मूळ कागद विक्रेत्याच्याच हातात आहेत ना ते पाहावे, आणि घरपट्टी, पाणीपट्टी व महावितरणची थकबाकी शून्य झाल्याच्या पावत्या मागाव्यात. विकास आराखड्यात घराच्या दर्शनी भागातून रस्तारुंदी जाते का, हे नगररचना विभागाच्या नकाशावर पाहावे. जुन्या पेठेत पाच-सहा फूट गेले तर ओटा आणि ओसरी दोन्ही जातात. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. तो आयकर कायद्याचा भंग आहे, शिवाय दिलेल्या पैशाचा पुरावाही राहत नाही.

हिशेब

आता शून्य धरलेल्या भिंतींना किंमत देण्याची वेळ येते. खालील आकडे निव्वळ उदाहरणापुरते आहेत. आपल्या गावचे भाव टाकून हीच बेरीज पुन्हा करावी.

समजा, तालुक्याच्या गावी बाराशे चौरस फूट जागेवर नऊशे चौरस फुटांचे जुने घर आहे. शेजारच्या मोकळ्या भूखंडाचा भाव चौरस फुटाला सोळाशे रुपये आहे, म्हणजे जागा १९ लाख २० हजारांची झाली. घर पाडून मलबा हलवण्यास एक लाख लागतील आणि सागवान, दारे व दगड विकून दीड लाख मिळतील, तर घर पाडायचे ठरवूनही जागेला १९ लाख ७० हजार मोजता येतात. मालक २५ लाख मागतो, म्हणजे उभ्या घरासाठी तो ५ लाख ३० हजार मागतो. छत, सांडपाणी व संडास, वायरिंग, गिलावा आणि फरशी मिळून दुरुस्तीचा अंदाज ९ लाख निघाला. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतेच, म्हणून त्यावर तीस टक्के वाढ धरली की ११ लाख ७० हजार होतात. दोन्हींची बेरीज १७ लाख. तेवढेच नऊशे फूट नवे बांधायला दोन हजार रुपये दराने १८ लाख लागतात. एक लाख वाचवण्यासाठी जुनी भिंत, जुने शेजारहक्क आणि दरवर्षीची डागडुजी पदरात घेणे मला पटत नाही. हेच घर २१ लाखांत मिळाले तर बेरीज १३ लाखांवर येते, पाच लाखांचा फरक पडतो, आणि मग विचार करण्यात अर्थ आहे.

तीस टक्के जास्त वाटतात त्यांनी एकदा जुन्या घराचा गिलावा उतरवून पाहावा. मी पहिल्यांदा दहा टक्के धरले होते.

या बेरजेत मुद्रांक शुल्क धरलेले नाही, कारण घर घेतले काय आणि मोकळी जागा घेतली काय, ते भरावेच लागते. पण रक्कम हाताशी ठेवावी. शुल्क खरेदीची रक्कम आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. मूल्य काढताना इमारतीच्या वयानुसार घसारा मिळतो, तो लावला आहे का ते दस्तलेखकाला विचारावे. काम चालू असताना दुसरीकडे राहण्याचे भाडे धरावे. कर्ज काढायचे असेल तर बँकेच्या मूल्यमापकाने काढलेली किंमत, इमारतीचे उरलेले आयुष्य आणि मालकीचा कागद यांवर ते ठरते, विक्रेत्याच्या भावावर नव्हे. तेव्हा विसारपावतीत कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत मिळण्याची अट लिहून घ्यावी.

काम कधी काढावे

खरेदी दिवाळीच्या सुमारास पूर्ण झाली तर काम काढायला उत्तम. होळीपर्यंतचे महिने हवामानाला आणि मजुरांना सोयीचे असतात. भोंगऱ्या (होळीआधीचे आदिवासी बाजार) आणि होळीसाठी सातपुड्यातील मजूर आपल्या पाड्यांवर जातात आणि काही दिवस काम थांबते, हे ठेकेदाराशी बोलताना आधीच धरून चालावे. एप्रिल-मेमध्ये स्लॅब किंवा सिमेंटचे मोठे काम टाळावे. चव्वेचाळीस अंशांत काँक्रीट भराभर सुकते, त्याला दिवसातून अनेकदा पाणी मारावे लागते, आणि नेमके त्याच महिन्यांत टँकर बोलवावा लागतो. प्लास्टर, फरशीचे नवे थर वगैरे बाह्य रचना न बदलणाऱ्या किरकोळ दुरुस्त्यांना सहसा परवानगी लागत नाही, पण भिंत काढणे, छत बदलणे, उंची वाढवणे यांसाठी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. पूर्ण पाडून बांधायचे ठरल्यास तिच्याप्रमाणे सोडावी लागणारी जागा वजा करून किती घर उरते, हे वास्तुविशारदाकडून खरेदीआधीच रेखाटून घ्यावे. अरुंद, लांबट भूखंडावर कधी कधी जुने घर राखण्याचे सर्वांत पटणारे कारण तेच ठरते.

घर घेतलेच तर पहिल्या वर्षी फक्त छत, पन्हाळी, सांडपाणी आणि वायरिंग करावी, आणि त्या घरात एक पावसाळा काढावा. कोणत्या भिंतीला ओल चढते, कोणत्या खोलीत दुपारी थांबवत नाही आणि वारा कोणत्या खिडकीतून येतो, हे तोपर्यंत कळलेले असते. फरशी आणि रंग दुसऱ्या दिवाळीला करावेत.